कॅम्पिंग ट्रेलरसाठी सुटसुटीत सोलर : नेहमी येणारे प्रश्न

ओढून न्यायचा छोटा ट्रेलर, आत दोन-चार माणसं, एक बॅटरी आणि उन्हात मांडायचं घडीचं पॅनल, एवढ्याच सेटअपबद्दल हे आहे. घराच्या छतावरचं सोलर वेगळं, त्याचे नियम वेगळे, ते इथे शोधू नका.

मुळात सोलर हवंच कशाला? गाडीची बॅटरी आहे की.

गाडीची बॅटरी स्टार्टर मारायला बनवलेली असते. दोन सेकंद दणकून करंट द्यायचा आणि मग अल्टरनेटरने तिला परत भरायचं, एवढंच तिचं काम. तिच्यावर रात्रभर पंखा चालवला तर एकदा-दोनदा चालेल, पण सकाळी भंडारदऱ्याला गाडी स्टार्ट होत नाही म्हणून कुणाकडे तरी जंपर केबल शोधत फिरायची वेळ येते. ट्रेलरला स्वतःची वेगळी बॅटरी पाहिजे आणि ती भरायला काहीतरी पाहिजे. जनरेटरही चालतो, पण रात्री शेजारच्या तंबूतली माणसं तुम्हाला काय काय म्हणतील ते तुम्हीच ठरवा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण आपण ज्या तळ्याकाठी नाहीतर समुद्राकाठी जाऊन थांबतो तिथे झाडाला प्लग नसतो.

किती वॅटचं पॅनल घेऊ?

सगळे हाच प्रश्न पहिला विचारतात आणि खरं तर तो शेवटी यायला पाहिजे. आधी वही घ्या आणि काय काय चालवणार ते लिहा. वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-अवर, बाकी काही गणित नाही.

एका चौघांच्या कुटुंबाचं साधं उदाहरण घेतो. ५ वॅटचे तीन एलईडी दिवे संध्याकाळी पाच तास, झाले ७५. चार मोबाइल, एका चार्जिंगला साधारण १५ धरा, झाले ६०. १२ व्होल्टवर चालणारे १५ वॅटचे दोन पंखे रात्रभर आठ तास, हे २४०, म्हणजे बघा सगळ्यात जास्त पंखाच खातो आणि लोक दिव्यांची काळजी करत बसतात. पाण्याचा छोटा पंप ५० वॅटचा असला तरी दिवसभरात पंधरा मिनिटं चालतो, म्हणजे १२-१३. एकूण ४०० च्या आसपास. आता यात १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज घातला, चाळीस-पंचेचाळीस लिटरचा, तर उन्हाळ्यात तो एकटाच दिवसाला ३०० ते ५०० खातो. म्हणजे फ्रिज आला की हिशोब सरळ दुप्पट.

आता पॅनलकडे या. आपल्याकडे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात चांगल्या दिवशी पाच तास ‘पूर्ण ऊन’ मिळतं असं धरतात. सूर्य बारा तास असतो हो, पण सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मिळून त्याची किंमत तेवढीच होते. त्यातून गरमी, धूळ, वायर, कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) यात ३० टक्के गेले असं समजा. म्हणजे २०० वॅटचं पॅनल : २०० × ५ × ०.७ = ७०० वॅट-अवर. फ्रिज नसेल तर १०० वॅटमध्ये जवळजवळ भागतं, थोडं बॅटरीतून जाईल. फ्रिज असेल तर २०० घ्या. दोन रात्रींसाठीच जाणार असाल आणि फ्रिज नसेल तर पॅनल न घेता घरून बॅटरी भरून नेली तरी चालतं, हे दुकानदार कधी सांगणार नाही.

पॅनल टपावर कायमचं बसवू का सुटं ठेवू?

सुटं. माझं मत पक्कं आहे. ऊन चांगलं असतं तिथे ट्रेलर उभा करायची कुणाला हौस असते? मे महिन्यात गुहागरला ट्रेलर सुरूच्या सावलीत लावता, बरोबर ना? आता टपावरचं पॅनल पण त्याच सावलीत गेलं. सुटं असेल तर ट्रेलर सावलीत, पॅनल दहा मीटरवर उन्हात, आणि दिवसातून दोन-तीनदा उठून ते सूर्याकडे फिरवता येतं. टपाला भोकं नाहीत, पावसाळ्यात गळती नाही, आरटीओला विचारायचा प्रश्न नाही. तोटा एवढाच की पोचल्यावर मांडायचं आणि निघताना आवरायचं, आणि लक्ष ठेवायचं. चालत्या गाडीत चार्जिंग होत नाही हा दुसरा तोटा, पण त्याला वेगळा उपाय आहे, खाली सांगतो.

थोडीशी सावली पडली तर काय होतं?

थोडीशी म्हणजे किती ते महत्त्वाचं नाही, कुठे ते महत्त्वाचं. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, एकाच्या तोंडावर पान पडलं तरी त्या ओळीतल्या सगळ्यांचा करंट अडतो. करंटला वळसा द्यायला बायपास डायोड असतात म्हणून अगदी शून्य होत नाही, पण तंबूच्या एका दोरीची सावलीसुद्धा मीटरवर दिसते. एकदा स्वतः बघा : भर दुपारी पॅनल लावा, कंट्रोलरच्या स्क्रीनवर अ‍ॅम्पिअर वाचा, मग नुसता तळहात एका सेलवर आडवा धरा. पाच अ‍ॅम्पिअर दाखवणारा आकडा धाडकन खाली येतो. हे एकदा बघितलं की माणूस आपोआप झाडाखालून पॅनल उचलून बाहेर ठेवतो.

पॅनलला किती तिरकं ठेवायचं?

हिवाळ्यात दक्षिणेकडे तोंड करून बऱ्यापैकी उभं, तीस-पस्तीस अंश. मे महिन्यात जवळजवळ आडवंच ठेवा. पुण्या-मुंबईला मेच्या मध्याला शून्य सावली दिवस असतो, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, तेव्हा कुठल्या बाजूला कलवणार? फक्त अगदी सपाट ठेवलं की धूळ आणि पानं साचतात, म्हणून एका बाजूला वीट घालून थोडा उतार द्या. कोन मोजायचं अ‍ॅप वगैरे काही लागत नाही. पॅनलवर पेन उभं धरा, पेनाची सावली सगळ्यात छोटी होईल तसं पॅनल फिरवा. झालं.

ऑनलाइन ३०० वॅटचं घडीचं पॅनल एकदम स्वस्तात दिसतंय, घेऊ का?

आधी त्याची लांबी-रुंदी वाचा. कडक उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात, आणि बाजारातल्या चांगल्या मोनो पॅनलची कार्यक्षमता २०-२२ टक्के. म्हणजे एका चौरस मीटरच्या सेलमधून २००-२२० वॅट, त्याच्या वर नाही. अर्ध्या चौरस मीटरचं पॅनल ३०० वॅट म्हणून विकत असेल तर त्याने एकतर भौतिकशास्त्राचं नोबेल घ्यावं नाहीतर स्टिकर बदलावं.

दुकानात जाऊन घेणार असाल, बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला, तर मल्टिमीटर बरोबर न्या. १०० वॅटचं १२ व्होल्टवालं पॅनल उन्हात धरल्यावर उघड्या वायरींमध्ये २१-२२ व्होल्ट दाखवतं. पण व्होल्टवर विश्वास ठेवू नका, व्होल्ट तर ढगाळ हवेतही येतात. मीटर १० अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटवर लावा आणि शॉर्ट सर्किट करंट मोजा, भर उन्हात साडेपाच-सहाच्या आसपास यायला पाहिजे. दोन-अडीच आला तर ते ४० वॅटचं पॅनल आहे, नमस्कार करून बाहेर पडा. पॅनल असं शॉर्ट केल्याने काही बिघडत नाही. बॅटरीवर मात्र हा प्रयोग चुकूनही करू नका.

पीडब्ल्यूएम का एमपीपीटी?

हे कंट्रोलरचे दोन प्रकार. १०० वॅटच्या पॅनलचा कामाचा व्होल्टेज १८ च्या आसपास आणि करंट साडेपाच. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतो, म्हणजे १३ × ५.५ = ७२ वॅट, बाकीचे गेले. एमपीपीटी जादा व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो त्यामुळे ९० च्या वर वाचतात. पण हे कागदावर. आपल्या उन्हात पॅनल ६०-६५ अंशांपर्यंत तापतं आणि व्होल्टेज आपोआप खाली येतो, त्यामुळे खरा फरक कागदापेक्षा कमी असतो. एकच १०० वॅटचं पॅनल असेल तर पीडब्ल्यूएम घ्या, पैसे वाचवा, त्यात चांगली वायर घ्या. २०० आणि वर गेलात की एमपीपीटी.

वायरचं एवढं काय? घरची वायर आहे ती लावली तर?

वायरसाठी हे सगळं लिहितोय असं म्हटलं तरी चालेल. लोक पॅनलवर हजारो रुपये घालतात आणि मग घरात पडलेली दीड एमएमची वायर लावून म्हणतात सोलर काही खरं नाही.

१२ व्होल्टमध्ये करंट जास्त असतो आणि वायरमध्ये जे व्होल्ट पडतात ते करंटवर अवलंबून असतात. उदाहरण : २०० वॅट, दोन पॅनल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस), म्हणजे ११ अ‍ॅम्पिअर. दहा मीटर लांब नेलंय, जायचे दहा आणि यायचे दहा असे वीस मीटर तांबं. अडीच एमएमच्या वायरीत दीड व्होल्टच्या वर वायरीतच संपतात. चार एमएम घेतली तर एक व्होल्ट. सहा घेतली तर साधारण पाऊण. घरच्या २३० मध्ये एक व्होल्ट गेला तर कुणाला कळतही नाही, १२ मध्ये तो आठ टक्के असतो.

यावर स्वस्तातला उपाय म्हणजे एमपीपीटी असेल तर दोन्ही पॅनल सिरीजमध्ये (एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला) जोडा. मग व्होल्टेज ३६ आणि करंट साडेपाचच, वायर तीच आणि नुकसान सरळ दोन-तीन टक्क्यांवर. फक्त कंट्रोलर किती व्होल्ट झेपतो ते बघा. दोन पॅनलचा उघडा (काहीच न जोडता मोजलेला) व्होल्टेज ४४ होतो आणि थंडीत तो अजून वाढतो. ५० ची मर्यादा असलेला कंट्रोलर कोकणात आरामात चालेल, पण स्पितीच्या सकाळी काठावर येतो.

दुसरं, कंट्रोलर कुठे ठेवता ते. घडीच्या बऱ्याच पॅनलना मागेच कंट्रोलर चिकटवलेला येतो. दिसायला सोयीचं, पण मग कंट्रोलरपासून बॅटरीपर्यंत दहा मीटर वायर येते आणि त्या कंट्रोलरला बॅटरीचा खरा व्होल्टेज दिसतच नाही. त्याला वाटतं १४.४ झाले, बॅटरी भरली, आणि तिकडे बॅटरीवर १३.७ असतात. दुपारी चार वाजता ‘फुल’ दाखवतो आणि रात्री अकराला पंखा बंद. कंट्रोलर काढून ट्रेलरमध्ये बॅटरीशेजारी आणा, एवढ्या एका बदलाने बऱ्याच तक्रारी मिटतात.

बॅटरी कुठली?

घरच्या इन्व्हर्टरची जुनी ट्यूब्युलर, म्हणजे लेड अ‍ॅसिड बॅटरी पडलीय, तीच टाकू का, असं दर दुसरा माणूस विचारतो. टाका हवं तर, पण १५० एएचची (अ‍ॅम्पिअर-अवर) ती पन्नास-साठ किलोची असते, उचलताना कंबर जाते, अर्ध्याच्या खाली उतरवली की आयुष्य कमी होतं, आणि चार्जिंगला हायड्रोजन सोडते. बंद ट्रेलरमध्ये पलंगाखाली असली बॅटरी ठेवून वर पोरं झोपवायची हे मला तरी पटत नाही. ठेवायचीच तर बाहेरच्या, हवा खेळणाऱ्या खोक्यात.

नवीन घेणार असाल तर लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानात एलएफपी म्हणतात. १२.८ व्होल्ट १०० एएच म्हणजे १२८० वॅट-अवर, त्यातले ९० टक्के वापरता येतात, वजन साधारण ११ ते १३ किलो. वरच्या फ्रिज नसलेल्या कुटुंबाला पॅनलशिवायही जवळजवळ तीन दिवस. किंमत जास्त वाटते पण वापरता येणाऱ्या वीजेच्या हिशोबाने बघा, लेड अ‍ॅसिडची अर्धीच वापरायची असते. आत बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) आहे ना ते विचारून घ्या. आणि कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार बदला, फॅक्टरी सेटिंग बहुतेक लेड अ‍ॅसिडचंच असतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, एलएफपी किती भरलीय ते व्होल्टवरून कळत नाही. ९० टक्क्यांना आणि ४० टक्क्यांना व्होल्टेज जवळपास सारखाच. शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा भाग) असलेला बॅटरी मॉनिटर लावा.

लडाख-स्पितीला चाललोय, काही वेगळं?

हो. शून्य अंशाच्या खाली एलएफपी बॅटरी चार्ज करायची नाही. वापरलेली चालते, चार्जिंग नाही, आतल्या सेलचं कायमचं नुकसान होतं. चांगल्या बीएमएसमध्ये कमी तापमानाला चार्जिंग तोडायची सोय असते, स्वस्तात नसते. बॅटरी माणसांबरोबर आत ठेवा, सकाळी ऊन चढल्यावर पॅनल जोडा. पॅनलला मात्र थंडी आवडते, तिकडे ते पुण्यापेक्षा चांगलं चालतं.

पॉवर स्टेशन घेतलं तर ही सगळी कटकट वाचेल ना?

वाचेल. एका डब्यात बॅटरी, एमपीपीटी, इन्व्हर्टर, यूएसबी सगळं. ज्यांना वायरला हात लावायचा नाही त्यांनी हेच घ्यावं, यात कमीपणा काही नाही. दोन गोष्टी बघा. सोलर इनपुट किती व्होल्टपर्यंत चालतो, काही छोट्या डब्यांची मर्यादा २८-३० व्होल्टची असते आणि त्याला दोन पॅनल सिरीजमध्ये जोडली की डबा गेला. आणि आत एलएफपी सेल आहेत का ते बघा, आयुष्य जास्त. अजून एक, विमानाने जाऊन पुढे भाड्याचा ट्रेलर घेणार असाल तर हा डबा विसरा. १६० वॅट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही.

फ्यूज लावायलाच पाहिजे का?

हा काय प्रश्न झाला. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात पहिला फ्यूज. चार एमएमच्या वायरला ३० अ‍ॅम्पिअरचा. एलएफपी बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अ‍ॅम्पिअर सोडते, वायर लाल होते आणि आजूबाजूला गादी, पडदे, प्लायवूड. घरच्या बोर्डातला, एसी करंटसाठीचा एमसीबी काढून लावू नका, त्याने बॅटरीच्या डीसी करंटचा आर्क (ठिणगी) तुटत नाही, डीसी लिहिलेलाच घ्या. थिंबल (वायरच्या टोकाला लावायचं धातूचं टोपण) पकडीने चेपून टेप गुंडाळणं पण नको, क्रिंपिंगची पक्कड मिळते ती घ्या. ट्रेलर खड्ड्यात आपटतो, ढिला जॉइंट तापतो.

जोडायचा क्रम काय?

आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल कंट्रोलरला. काढताना उलटं, आधी पॅनल. कंट्रोलर बॅटरी बघून ठरवतो की ही १२ ची सिस्टिम आहे का २४ ची. नुसतं पॅनल जोडून ठेवलं तर काही कंट्रोलर मरतात. एमसी-४ कनेक्टर (पॅनलच्या वायरींना असतात ते) चालू करंटला उपसू नका, आधी पॅनल पालथं घाला.

मिक्सर, इंडक्शन, एसी?

एसी नाही. गिझर नाही. इंडक्शन १८०० वॅट, अर्धा तास चालवली की ९०० वॅट-अवर, म्हणजे पिठलं-भात होईस्तोवर बॅटरी संपली. गॅस न्या. मिक्सर ५०० ते ७५० वॅटचा, दोन मिनिटांत वीज फार जात नाही, पण सुरू होताना जोरात ओढतो म्हणून इन्व्हर्टर मोठा लागतो. १००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ९० अ‍ॅम्पिअरच्या वर खेचतो, त्याला २५ एमएमची वायर आणि १२५ चा फ्यूज. हा सगळा खर्च चटणीसाठी? चटणी घरून वाटून न्या.

लॅपटॉप, मोबाइल, दिवे, पंखे सगळं १२ व्होल्ट किंवा यूएसबी-सीवर चालवा, इन्व्हर्टरची गरजच पडत नाही. घेतलाच तर प्युअर साइन वेव्ह, आणि काम झालं की बटण बंद. नुसता चालू राहिला तरी १० वॅट खातो, चोवीस तासांचे २४०, म्हणजे तुमचे दोन्ही पंखे.

गाडी चालू असताना ट्रेलरची बॅटरी भरता येते?

येते, पण गाडीच्या बॅटरीपासून सरळ वायर ओढू नका. बीएस-६ गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचे अल्टरनेटर इंजिन बघून व्होल्टेज कमी-जास्त करतात, आणि एलएफपी एकदम खूप करंट खेचते. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर टाका, तो बॅटरीला हवा तो व्होल्टेज आणि झेपेल तेवढाच करंट देतो. २० अ‍ॅम्पिअरचा असला तर पुणे ते गुहागर जाईस्तोवर बॅटरी जवळजवळ भरते आणि पोचल्यावर पॅनलला फक्त रोजचा खर्च भरून काढायचा राहतो. डॅशबोर्डच्या सिगरेट सॉकेटमधून हे होत नाही, त्याचा फ्यूज १०-१५ अ‍ॅम्पिअरचाच असतो.

पावसाळ्यात चालतं का?

जुलैत सह्याद्रीत ढगाखाली बसलात तर २०० वॅटमधून दिवसाला ३०० च्या आसपास मिळाले तरी खूप, आणि सलग पाऊस असेल तर तेवढेही नाहीत. फ्रिज घरी ठेवा, बॅटरी घरून भरून न्या, येता-जाता गाडीवर भरा. तसं तेव्हा पंखा लागत नाही, त्यामुळे भागतं.

वारा, चोरी, माकडं?

वाऱ्याची खरी भीती. घडीचं पॅनल पठारावर पतंगासारखं उडतं, चारही कोपऱ्यांना दोरी आणि खुंटी, नाहीतर पाण्याचे कॅन बांधा. चोरीसाठी सायकलची केबल लॉक. महाबळेश्वरला माकडं पॅनलवर बसतात, काही इलाज सापडला तर सांगा.

समुद्रावर काय काळजी?

खारी हवा तांबं खाते. थिंबल टिन केलेली घ्या, जोडणीवर पेट्रोलियम जेली लावा, आणि घरी आल्यावर पॅनल साध्या पाण्याने पुसा. कोरड्या फडक्याने वाळू घासू नका, चरे पडतात.

सबसिडी मिळते का?

नाही. २०२४ ची पीएम सूर्य घर योजना घराच्या छतावरच्या, ग्रिडला जोडलेल्या सोलरसाठी आहे. चाकं असलेल्या घराला ती लागू नाही.

चार-सहा महिने ट्रेलर नुसता उभा असतो, तेव्हा बॅटरीचं काय करू?

एलएफपी असेल तर अर्धी-पाऊण भरून सगळे लोड तोडून ठेवा, मॉनिटरचाही, तो पण थेंब थेंब खातो. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. लेड अ‍ॅसिड असेल तर उलट, पूर्ण भरून ठेवायची आणि महिन्याला चार्ज, पाण्याची पातळी पण बघायची. आणि ट्रेलरवर ताडपत्री घालणार असाल तर पॅनल आधी काढून घरात उभं ठेवा, त्याच्यावर जड सामान रचू नका, सेलला बारीक तडे जातात आणि ते डोळ्याला दिसत नाहीत.